वरच्या शाळेचा आकडा

"खालची शाळा, पाचवी. भाषा, सत्त्याऐंशी. गणित, एक्क्याऐंशी!"

एवढं वाचून सासऱ्यांनी कागद खाली केला आणि चष्म्याच्या वरून अंगणात बसलेल्या सगळ्यांकडे पाहिलं. धाकटी जाऊ लाजल्यासारखं करून पोराच्या शर्टाला बटण लावत राहिली. दिरांनी टाळी वाजवली. आमच्या ह्यांनीही वाजवली. मी कपड्यांच्या दोरीपाशी उभी होते आणि माझ्या दोन्ही हातांत ओली चादर होती, हे बरं झालं.

"वरची शाळा, पाचवी," सासरे पुढे वाचू लागले. "भाषा, रेघ. गणित, रेघ."

"बाबा, रेघ वाचायची नसते," मी म्हणाले. "रेघ म्हणजे काही नाही."

"छापलंय ते वाचतो, थोरले. उद्या माझ्यावर आळ नको, थोरलीचं वाचलं नाही म्हणून."

सगळे हसले. धाकटीही हसली, मग माझ्याकडे बघून तिनं हसू आवरलं. ती हसली त्याचा मला तेवढा राग आला नाही, आवरलं त्याचा आला.

आमचं शाळा मंडळ म्हणजे पाच शाळा, दोन बस आणि एक कार्यालय. सासरे त्यातल्या एका बसचे ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी मंडळाचा कागद घरात आला की ते अजून स्टिअरिंगवर बसल्यासारखे ताठ होतात. कार्यालयात साहेब असतात आणि साहेबांच्या खोलीबाहेर पेन्सिलकाका. साहेब दर तीन-चार वर्षांनी बदलतात, पेन्सिलकाका बदलत नाहीत. बसचं वेळापत्रक, परीक्षेचे लिफाफे, गळक्या छपरांच्या तक्रारी, सगळं ते आधी पेन्सिलीनं लिहितात आणि साहेबांनी मान हलवली की वरून शाई फिरवतात. मंडळ कोण चालवतं असं कुणी मला विचारलं तर मी पेन्सिलीकडे बोट दाखवीन.

निकालपत्रकही त्यांच्याच हातचं. पाचवीची मंडळाची परीक्षा झाली की शंभरातली किती मुलं पास झाली तो आकडा प्रत्येक शाळेपुढे छापायचा आणि कागद घरोघरी पोचवायचा. पण वर्गात दहापेक्षा कमी मुलं असतील तर आकडा छापायचा नाही, आडवी रेघ मारायची. का, तर एवढ्याशा वर्गात कोण नापास झालं ते गावाला लगेच कळतं आणि पोराची शोभा होते. नियम चांगला आहे. मला कुणी विचारलं असतं तर मीही असाच केला असता. फक्त मी एकोणीस वर्षं वरच्या, म्हणजे टेकडीवरच्या शाळेत पाचवीला शिकवत होते, आणि त्या एकोणीस वर्षांत माझ्या वर्गात कधी सहा मुलं असायची, कधी आठ. एकदा नऊ होती. त्या वर्षी मी एका चौथीच्या मुलाकडे असं बघत बसायची की तो बिचारा घाबरून घरी सांगून आला, बाईंना माझं काहीतरी आवडत नाही म्हणून.

हजेरीच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी माझे आकडे माझ्यापुरते लिहून ठेवायची. एकोणीस वर्षांत बारा वेळा शंभर. मंडळात दुसऱ्या कुणाचे एकदाही शंभर छापून आले नव्हते. पण हे ठाऊक कुणाला? मला आणि त्या वहीला. जंगलात मोर नाचला, कोणी पाहिला, त्यातली गत.

धाकटी लग्न होऊन या घरात आली त्याला नऊ वर्षं झाली. आल्या आल्या तिला खालच्या शाळेत नोकरी मिळाली. रस्त्यालगतची शाळा, नळाला पाणी, डोक्यावर पंखा, वर्गात तीस-बत्तीस मुलं. तिचा आकडा पहिल्याच वर्षी छापून आला. शिकवते ती बरी, नाही असं नाही. वर्गात फिरत फिरत शिकवते, गोड बोलते, मुलांना हसवते. पण तिसातली चार पोरं दर वर्षी गळतात, त्याला लोक सत्त्याऐंशी म्हणतात आणि दुकानात तिला आधी माल देतात. "या, सत्त्याऐंशीवाल्या बाई!" आणि मी? मी "वरच्या बाई". जसं काही मी माळ्यावर ठेवलेली वस्तू.

वर्षअखेरीला कार्यालयात सगळ्या शिक्षकांची सभा असते. तिथं आकडेवाल्या शाळांनी एकेक करून उभं राहायचं आणि आपण काय काय केलं ते सांगायचं. रेघवाल्यांना सांगण्यासारखं काही नसतं असं धरलेलं असतं, म्हणून त्यांनी सगळ्यांना कागद वाटायचे. हे कुणी ठरवलं नाही, आपोआप पडलेली रीत आहे. रेघवाले म्हणजे मी आणि खाणीजवळच्या शाळेतले मास्तर. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे, ते म्हणत, "बाई, भाषण करण्यापेक्षा कागद वाटणं हलकं." मला मात्र दर वर्षी धाकटीच्या पुढ्यात कागद ठेवताना बोटं भाजल्यासारखी व्हायची. ती दर वेळी "थँक्यू हं, वहिनी" म्हणायची.

तर, दोरीवर चादर टाकली त्या सकाळनंतरचं हे वर्ष. शाळा उघडली तेव्हा पाचवीत नऊ मुलं होती. पुन्हा नऊच. पाचव्या आठवड्यात टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीचे पंपवाले आजोबा एका मुलीचा हात धरून दारात उभे राहिले.

"नात आहे, बाई. हिची आई खाली इस्पितळात कपडे धुते. तिच्या पाळ्यांचा काही ठिकाणा नाही. पोर माझ्यापाशी राहील म्हणते."

"कितवीत?"

"पाचवीत होती तिकडं. बोलत नाही फारशी. पण गुणाची आहे हो."

त्या म्हाताऱ्याचे मी पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. मुलगी इतकी काटकुळी होती की वर्गानं दुपारपर्यंत तिचं नाव टाचणी पाडलं. मी हजेरीत दहावी ओळ लिहिली आणि ती ओळ वाळेपर्यंत बघत बसले.

टाचणीचं काहीतरी वेगळं होतं हे मला दोन दिवसांत दिसलं. मी वर्गाकडे तोंड करून बोलले की ती भराभर लिहायची, फळ्याकडे वळले की तिचा हात थांबायचा. एक दिवस मी तिच्या मागे जाऊन डस्टर जमिनीवर आपटला. नऊ पोरं दचकली. टाचणी वहीला समास आखत होती, ती आखत राहिली. त्याच संध्याकाळी मी कार्यालयाला पत्र लिहिलं की मुलीला ऐकू फार कमी येतं, हिची सोय व्हायला हवी. हे पत्र मी माझ्या हातानं लिहिलं, हे इथेच सांगून ठेवते. पुढचं ऐकल्यावर कुणाला ते खरं वाटायचं नाही.

अशा मुलांसाठी साऱ्या मंडळात एकच शिक्षिका होत्या, सगळे त्यांना कानाच्या बाई म्हणत. त्या आठवड्यातून दोनदा खालच्या शाळेत यायच्या. एका वेळी सहाच मुलं घ्यायच्या आणि सहाही जागा भरलेल्या होत्या. मंडळाचं उत्तर आलं, नाव यादीत लिहिलं आहे. अर्थात पेन्सिलीनं.

महिना झाला असेल. एका मंगळवारी धाकटी बसमधून उतरली ती पिशवी खांद्यावर तशीच घेऊन अंगण ओलांडून माझ्या दारात आली. धापा टाकत होती.

"वहिनी, चांगली बातमी आहे! कानाच्या बाईंकडे एक जागा रिकामी झाली. मी लगेच तुमच्या टाचणीचं नाव सांगितलं. फक्त तिचा दाखला आमच्या शाळेत यायला हवा, शुक्रवार दुपारपर्यंत. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल."

"शुक्रवार?"

"हो ना, घाई आहे. पण तिच्या आईशीही बोलले मी. ती म्हणाली, खोलीवर ठेवून घेते, शेजारीण बघेल. पोरगी आईजवळ राहील, मशीन मिळेल कानाला. बरं होईल ना हो?"

"बरंच होईल," मी म्हणाले.

पटमोजणी सोमवारी होती. वर्षातून एकदा पेन्सिलकाका स्वतः प्रत्येक शाळेत येऊन मुलं मोजतात आणि त्या दिवशी वर्गात जितकी असतील तितकीच निकालपत्रकाला धरतात. शुक्रवार आणि सोमवार. मध्ये दोनच दिवस.

आता वाचणाऱ्याला वाटेल, बाईनं रात्रभर विचार केला असेल, मनाशी झगडली असेल. तसलं काही झालं नाही. धाकटी दारातून वळली तेव्हाच माझ्या मनात एकच वाक्य आलं. हिला तीस पुरेनात, माझी दहावी न्यायला आली. तिनं माझ्या पोरीच्या आईशी बोलावंच का? माझं पत्र, माझी मुलगी, आणि चांगुलपणा मात्र हिच्या नावावर! मग मी स्वतःला समजावलं की शाळेला आकडा मिळाला तर वरची शाळा बंद करायचं साहेबांच्या डोक्यातलं खूळ तरी जाईल. तेही खोटं नव्हतं. पण तो विचार दुसऱ्या दिवशी सुचला, पहिल्या दिवशी नाही.

बुधवारी मी दाखला लिहिला. नाव, आजोबांचं नाव, इयत्ता, वर्तणूक चांगली. तारीख घातली, सही केली, शिक्का मारला. शाई वाळल्यावर टेबलाच्या खणात खडूच्या खोक्याखाली ठेवून दिला. लिहून तयार होता, म्हणजे मी नाही म्हटलं नाही, असा माझा हिशेब.

गुरुवारी पंपवाले आजोबा आले. हाताला ग्रीस लागलेलं, ते शर्टाला पुसत दारातच उभे राहिले.

"तुमच्या धाकट्या जाऊबाईंचा निरोप आला होता. कागद न्यायचाय म्हणे."

"सोमवारी या," मी म्हणाले. "सोमवारी संध्याकाळी देते."

"त्या शुक्रवार म्हणत होत्या."

"दोन दिवसांनी काय फरक पडतो, आजोबा? कार्यालयाची कामं मला माहीत आहेत. एकोणीस वर्षं बघतेय."

"बरं. तुम्ही म्हणाल तसं."

शुक्रवारी सकाळी बसथांब्यावर धाकटीनं गाठलंच. तिची बस खाली जाते, माझी वर, दोन्ही एकाच वेळी येतात.

"वहिनी, दाखला दिलात ना? मीच घेऊन जाते."

"शिक्का सापडत नाहीये."

"अगंबाई! पेन्सिलकाकांना सांगून कार्यालयातला मागवू?"

"नको. खणातच असेल कुठेतरी. सापडला की पाठवते."

ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली. मग तिची बस आली. त्या दिवशी दुपारी मी वर्गाला अपूर्णांक शिकवले, टाचणीला फळ्यावर बोलावलं आणि तिनं तीन चतुर्थांश बरोबर दाखवल्यावर तिला सगळ्यांपुढे शाबासकी दिली.

सोमवारी पेन्सिलकाका आले. हवेत पेन्सिल टेकवत टेकवत त्यांनी एकेक डोकं मोजलं. टाचणीवर येऊन पेन्सिल थांबली.

"दहा!" ते म्हणाले. "अहो वरच्या बाई, यंदा रेघ नाही तुम्हाला!"

"मग शाईनं लिहा की."

"साहेबांनी मान हलवली की लिहितो," ते म्हणाले, पण त्यांनाही आनंद झाला होता. जाताना त्यांनी मला एक कोरी पेन्सिल दिली.

संध्याकाळी आजोबा ठरल्याप्रमाणे आले. तोवर मला कळलं होतं की जागा पुलाजवळच्या शाळेतल्या एका मुलाला गेली.

"भरली जागा," मी त्यांना म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

 त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

"असू द्या. तुमच्यापाशी आहे ती, म्हणजे वाऱ्यावर नाही काही."

यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी आभार मानले असते.

त्यानंतर मी त्या मुलीवर जीव ओतला, हेही खरं आहे. पश्चात्तापानं म्हणा, नाहीतर दहापैकी एक म्हणजे दहा टक्के या गणितानं म्हणा, मला स्वतःला दोन्ही वेगळं करता आलं नाही. तिला खिडकीजवळ बसवलं. माझ्या तोंडावर उजेड पडेल अशी उभी राहूनच बोलायला शिकले. फळ्याकडे पाठ करून, एक हात मागे नेऊन आंधळेपणानं लिहायची सवय केली. श्रुतलेखन तिला सगळ्यात जड, कारण ते नुसतं ऐकून लिहायचं असतं. मी एकेक शब्द ओठांनी घडवून दाखवायची आणि ती तो माझ्या तोंडावरून उचलायची. हिवाळा संपेपर्यंत वीस शब्दांतले अठरा बरोबर यायला लागले. मला वाटलं, झालं, भरून निघालं. कानाच्या बाईंनी तरी आणखी काय केलं असतं?

एक गोष्ट मी विसरले. म्हणजे एकोणीस वर्षं पाळलेली गोष्ट विसरले. मंडळाच्या परीक्षेला आपल्या वर्गावर आपण नसतो. शिक्षकांची अदलाबदल होते आणि श्रुतलेखन परक्या बाई वाचतात. शिवाय भाषेत पास व्हायचं तर श्रुतलेखनात वेगळं पास व्हावं लागतं. माझ्या इतर मुलांना परका आवाज चालतो, कान असले की झालं. टाचणी आवाज ऐकतच नव्हती. तिला माझं तोंड येत होतं, बाकी कुणाचं नाही.

अदलाबदलीच्या यादीत वरच्या शाळेपुढे धाकटीचं नाव होतं.

परीक्षेच्या दिवशी मी बाहेर पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले. उघड्या खिडकीतून तिचा आवाज येत होता. नियमाप्रमाणे प्रत्येक वाक्य दोनदा वाचायचं. तिनं पहिलं वाक्य वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग तिसऱ्यांदा, अगदी सावकाश. दुसरं वाक्यही तसंच, तीन वेळा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही मुद्दाम करते आहे! नियम मोडल्याचं कुणी लिहून दिलं तर माझा अख्खा वर्ग बाद होईल. एवढ्या वर्षांनी माझा आकडा येतोय तो हिला बघवत नाही. मी कट्ट्यावरून उठले, दारापर्यंत गेले आणि दाराला हात लावायची परवानगी नाही म्हणून परत येऊन बसले.

निकालपत्रक आलं त्या सकाळी सासरे उभे राहून वाचत होते. बसून वाचवेना.

"खालची शाळा, पाचवी. भाषा, शहाऐंशी. गणित, ब्याऐंशी. वरची शाळा, पाचवी. भाषा..." ते थांबले. चष्मा काढून पुसला. "थोरले, इकडे ये. भाषा, नव्वद! गणित, शंभर!"

दिरांनी टाळ्या वाजवल्या. हे म्हणाले, "बघा, आमच्या घरातला पहिला नंबर आता आमच्याकडे," आणि स्वतःच हसले. धाकटीनं येऊन मला मिठी मारली. सासऱ्यांनी लाल पेन्सिलीनं नव्वदाखाली रेघ ओढली आणि कागद अंगणात दोन्ही घरांना दिसेल अशा भिंतीवर खिळ्याला लावला.

नव्वद म्हणजे दहातली नऊ. दहावी कोण, ते निकालपत्रकात छापलेलं नसतं. नियमाला वाटतं की दहा मुलं झाली की एक लपून जाते.

सभेत त्या वर्षी खाणीजवळच्या मास्तरांनी एकट्यानं कागद वाटले. माझ्या पुढ्यात कागद ठेवताना म्हणाले, "गेलात ना सोडून आम्हाला!" साहेबांनी आधी खालच्या शाळेला बोलावलं, मग मला. "वरच्या शाळेनं यंदा मंडळाची मान उंचावली. बाई, सांगा, कसे मिळवले नव्वद?"

मी उभी राहिले. हे भाषण मी एकोणीस वर्षं पाठ करत होते. चुलीपुढे केलं होतं, बसमध्ये केलं होतं, धाकटीचं भाषण चालू असताना मनातल्या मनात तिच्यापेक्षा चांगलं केलं होतं. आता तोंडातून निघालं ते एवढंच. "मुलांनी मेहनत केली." आणि मी बसले. लोकांना तो माझा नम्रपणा वाटला. टाळ्या फार झाल्या. सगळ्यात शेवटपर्यंत धाकटी वाजवत होती.

चहाच्या वेळी कानाच्या बाई जवळ आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची त्यांनाही सवय.

"तुमच्या वर्गातली ती मुलगी, जिचं पत्र तुम्ही पाठवलं होतं. मी जागा धरून ठेवली होती तिच्यासाठी. दाखला आलाच नाही. काय झालं?"

मी कपातल्या चहावरची साय बोटानं बाजूला केली.

"टपालात उशीर झाला," धाकटी म्हणाली. ती केव्हा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "आमच्याकडे वरचं टपाल नेहमीच उशिरा येतं, बाई."

"वाईट झालं," कानाच्या बाई म्हणाल्या. "या वयात एक वर्ष म्हणजे फार असतं. घेईन मी तिला आता, पण ते वर्ष काही परत आणता येत नाही."

परत येताना बसमध्ये आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो. 

"वहिनी," ती म्हणाली, "मी तिच्यासमोर उभं राहून वाचलं हो. फिरले नाही अजिबात. तीन-तीनदा वाचलं, नियम गेला खड्ड्यात म्हटलं. पण तिला माझं तोंड वाचता येईना. सारखी दाराकडे बघत होती. तुम्ही असतात तर लिहिलं असतं तिनं."

 इतकी वर्षं मला धाकटीच्या आकड्याचा हेवा वाटत होता. त्याची मला सवय झाली होती, जुन्या चपलेसारखा तो पायात बसला होता. आता तिच्या त्या तीन वेळा वाचण्याचा वाटायला लागला. आणि ह्या हेव्याचं काय करायचं ते मला कळेना, कारण तसं वाचायला दहा मुलं लागत नाहीत. ते मलाही करता आलं असतं.

सुट्टी संपली. पाचवी झालेली मुलं वरच्या शाळेत राहत नाहीत, सहावीला सगळी खाली जातात. नापास विषय असला तरी जातात, तो तिथे पुन्हा देतात. दहा जणांचे दाखले घेऊन मी खालच्या शाळेत गेले. नऊ नवे लिहिले होते. दहावा मी नवा लिहिला नाही. खडूच्या खोक्याखालून काढला, झटकला आणि गठ्ठ्यात तसाच घातला, त्या बुधवारच्या तारखेसकट.

तिथलं कागदपत्रांचं काम धाकटीकडेच होतं. ती एकेक दाखला उलटून बघत गेली. त्या दाखल्यावर तिचा हात थांबला. तिनं तारीख बघितली, शिक्का बघितला. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मग तिनं तो उचलून गठ्ठ्याच्या अगदी तळाशी ठेवला, वर बाकीचे नऊ ठेवले आणि कडा नीट जुळवून दोरा बांधला.

"चहा घेणार, वहिनी?"

"नको, बस चुकेल. माझ्याकडे यंदा सहाच आहेत. वाट बघत असतील."

"चला, फाटकापर्यंत येते."

आम्ही बाहेर आलो तर ओसरीत सहावीची मुलं रांगेत उभी होती. टाचणी पाठमोरी होती, केस कापलेले, उजव्या कानामागे नवं मशीन. इतक्या दिवसांत उंच झाली होती. मी हाक मारली. तिचं खरं नाव घेऊन मारली, टाचणी म्हणून नाही. ती वळली नाही. पुन्हा मारली. रांगेतली दुसरी सगळी मुलं वळली.

"अजून ओळखू येत नाहीत तिला आवाज," धाकटी हळूच म्हणाली. "नवीन आहे ना. वेळ लागेल म्हणतात बाई." तिनं पुढे होऊन मुलीच्या खांद्याला नुसतं बोट लावलं.

टाचणी वळली. मला बघून तिचा सगळा चेहरा उजळला. मग तिला नेहमीची सवय होती तसं तिनं हातातली वही छातीशी धरली, दोन पावलं पुढे येऊन उजेडात माझ्यासमोर उभी राहिली आणि मी आता काय बोलते म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.